उठून जाणाऱ्याचा वाटा

सुरतेहून बारडोलीकडे निघालं की शहर संपतंय असं वाटेपर्यंत कडोदरा चार रस्ता येतो. मुंबई-दिल्ली महामार्ग इथून उत्तर-दक्षिण जातो. त्याला छेदणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग हजिऱ्याच्या बंदरावरून निघतो आणि धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर करत थेट ओडिशातल्या पारादीपला समुद्राला टेकतो. चौकाभोवती डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, लूमच्या शेडी, ताग्यांनी भरलेले टेम्पो. हंगामात त्यांच्यातूनच वाट काढत उसाची वाहनं शेजारच्या चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याकडे वळतात. गुजराती आणि हिंदीच्या जोडीला इथे ओडिया, भोजपुरी आणि अहिराणीही कानावर पडते. नकाशावरचा तो लांबलचक रस्ता या भाषांवरून जास्त चांगला कळतो.

राष्ट्रांमधला स्वार्थ आणि सहकार या विषयाची प्रस्तावना असल्या गजबजलेल्या नाक्यावरून का करायची, असं कोणी विचारेल. पाठ्यपुस्तकं हा विषय दोन कैद्यांपासून सुरू करतात. दोघं वेगवेगळ्या कोठड्यांत. गप्प राहिले तर दोघांनाही थोडी शिक्षा. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं तर तो सुटतो आणि दुसरा अडकतो. दोघांनीही एकमेकांची नावं घेतली तर दोघंही बुडतात. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी या कोड्याची संगणकांमध्ये स्पर्धाच लावली. मोठमोठ्या हुशार कार्यक्रमांना हरवून जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सगळ्यांत छोटा कार्यक्रम: पहिल्यांदा सहकार्य करायचं, पुढे समोरचा करेल तसं करायचं. जशास तसे. ॲक्सेलरॉड यांचं या विषयावरचं पुस्तक १९८४ साली आलं आणि त्यातला निष्कर्ष तेव्हापासून शीतयुद्धापासून व्यापारकरारांपर्यंत सगळीकडे वापरला गेला. पुन्हा गाठ पडणार आहे हे ठाऊक असलं की स्वार्थी माणसंही नीट वागतात, असा तो निष्कर्ष.

पटणारी गोष्ट आहे. गावच्या बाजारात दर आठवड्याला बसणाऱ्या भाजीवाल्यावर आपण यष्टीस्टँडवरच्या फेरीवाल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो तो याच हिशेबाने. पण त्या स्पर्धेत दोन गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. दोन्ही खेळाडू सारख्या वजनाचे होते, आणि खेळ सोडून उठायची मुभा दोघांनाही नव्हती. खऱ्या जगात यातलं काहीच ठरलेलं नसतं. कडोदऱ्याच्या पंचक्रोशीतला गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर वाटा कुणाला किती मिळाला, हे बहुतेक वेळा बैठकीतून कोण उठून जाऊ शकत होता आणि कोण नाही, यावर ठरलेलं दिसतं.

बारडोली इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. १९२८ साली मुंबई सरकारने त्या तालुक्याचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला. आंदोलनाच्या आठवणींत त्याग ठळक असतो, आणि त्याग होताच. जप्ती टाळायला लोकांनी म्हशींसकट स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. पण एकेकट्या शेतकऱ्याचा हिशेब काय होता? शेजाऱ्यांनी सारा भरला नाही आणि आपण गुपचूप भरला, तर जमीनही वाचते आणि पुढे सवलत मिळालीच तर तीही पदरात पडते. ही पळवाट बंद केली ती बहिष्काराने. गुपचूप भरणाऱ्याशी रोटी-बेटी, मजूर-न्हावी सगळं बंद. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीनंतर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. दोन वर्षांनी, १९३०च्या करबंदीत, याच भागातल्या शेतकऱ्यांनी आणखी मोठं पाऊल उचललं. घरंदारं सोडून ते शेजारच्या बडोदा संस्थानाच्या हद्दीत निघून गेले. इंग्रजांची हद्द काही मैलांवर संपत होती, हे त्यांचं भांडवल होतं.

याच शेतकऱ्यांच्या शेतांवर राबणारे दुबळा जातीचे हाळी, ज्यांना गांधीजींनी पुढे हळपती म्हटलं, त्यांच्यासाठी मात्र हद्द कुठेच संपत नव्हती. लग्नासाठी मालकाकडून घेतलेलं कर्ज फिटत नसे आणि फिटेपर्यंत मालक सोडता येत नसे. सरकारशी झालेल्या तडजोडीत त्यांचा विषय नव्हताच. सहकाराचं वर्तुळ आखलं जातं तेव्हा ते कुणाच्या तरी अंगणातून जातं. बारडोलीत ते हळपतीवाड्याच्या अलीकडून गेलं.

१९५४ साली तापीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली त्याच्या वर उकाई धरण. डाव्या कालव्याचं पाणी बारडोली-पलसाण्याकडे वळलं आणि कपाशी-ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. सुरत जिल्हा १९६०पर्यंत मुंबई राज्यातच होता, त्यामुळे साखरेतल्या सहकाराची कल्पना इथे परकी नव्हती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरेचा कारखाना १९५०मध्ये सुरू केला. दक्षिण गुजरातेतले बारडोली, गणदेवी, चलथाण, मढी हे कारखाने त्याच काळाच्या पोटातून निघाले. बारडोलीचा कारखाना आशियातला सर्वांत मोठा, असं तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात.

मराठी शेतकऱ्याला हे कारखाने वेगळ्याच कारणाने ठाऊक आहेत. ऊसदराच्या आंदोलनात 'गुजरातेत बघा किती देतात' हे वाक्य आलं नाही अशी सभा सापडणं कठीण. तिथली रीत अशी की कारखाना हप्त्याहप्त्याने पैसे देतो आणि हंगामाअखेर हिशेब करून अंतिम भाव जाहीर करतो. मग प्रश्न येतो: हा जास्तीचा पैसा उसाची किंमत, की सभासदांना वाटलेला नफा? प्राप्तिकर खात्याच्या मते किमान दरावरची रक्कम नफा होती आणि तिच्यावर कर लागत होता. कारखान्यांच्या मते शेतकऱ्याला जास्त भाव देणं हाच तर सहकाराचा उद्देश. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुका कारखान्याच्या नावाने ओळखला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये दिला आणि जास्तीच्या पैशातला नफ्याचा भाग किती ते तपासून ठरवा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. शेवटी २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या वर्षांची ही देणी खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली. त्यातून सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. किंमत आणि नफा यांमधली रेघ कुठे ओढायची हा अर्थशास्त्राचा प्रश्न होता. तो सुटला मात्र राजकारणाच्या मेजावर, कारण त्या मेजाभोवती दोन राज्यांतल्या ऊसपट्ट्यांची मतं बसलेली होती.

सहकार हा विषय घटनेनुसार राज्यांचा. तरीही २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीने संसदेने सहकारी संस्थांचे नियम घालून दिले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३मध्ये ते अडवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी राज्यांतल्या संस्थांपुरता तो निर्णय कायम केला. गंमत अशी की त्याच महिन्याच्या सुरुवातीला केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झालं होतं. दिल्लीला सहकारात इतका रस का, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. जिल्हा बँक आणि साखर कारखाना ज्याच्या हाती, त्याच्या हाती तालुका.

पण ऊस तोडतं कोण? हंगामाच्या तोंडावर डांग, नंदुरबार, धुळे, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून टोळ्या उतरतात. एका जोडप्याला 'कोयता' म्हणतात. माणसाचं नाव अवजारावर पडलं, यात सगळं आलं. मुकादम पावसाळ्यातच, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, उचल देतो. ती फेडायला हंगामभर पडावावर, म्हणजे शेताकडेच्या खोपटांच्या तळावर, राहायचं. मध्यरात्री गाडी आली तरी मोळ्या भरायच्या. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीच्या परिसरात राहून हे सारं टिपलं आणि १९७८मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडलं. त्यांना खटकलेली गोष्ट तेव्हा अनेकांना विचित्र वाटली. गावात हळपती मजूर कामाविना बसलेले असताना तोडीला मात्र दूरचे लोक आणले जात होते. ब्रेमन यांचं स्पष्टीकरण साधं होतं. परका मजूर धाकात ठेवायला सोपा. त्याचं घर दूर, अंगावर उचल, ओळखीचं कोणी नाही. भांडण झालं तर जाणार कुठे?

ॲक्सेलरॉड यांचा नियम इथे लंगडा पडतो. कोयता आणि मुकादम यांची गाठ दर वर्षी पडते. पुन्हा भेटणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. पण ती भेट एका बाजूच्या कर्जाने बांधलेली असते, आणि कर्जाने बांधलेल्या भेटीतून विश्वास वाढत नाही, हिशेबाची वही वाढते. सभासद शेतकरी अंतिम भावासाठी सर्वसाधारण सभेत आवाज चढवू शकतो, पुढच्या वर्षी केळी लावू शकतो. कोयत्याजवळ यातलं एकही हत्यार नसतं. एकाच उसावर दोघांचं पोट, पण सहकारी फक्त एक.

निघून जाण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हे कडोदऱ्याने २०२०च्या टाळेबंदीत पाहिलं. लूम आणि मिला बंद, खोलीचं भाडं चालू, रोजी नाही. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, पण केंद्राच्या नियमानुसार पाठवणाऱ्या राज्याबरोबरच मजूर ज्या राज्यात जाणार त्याचीही संमती लागत होती. मूळ राज्यांना साथ येण्याची भीती. उद्योगांना मजूर एकदा गेला की परत येईल का ही भीती. ४ मे रोजी कडोदऱ्याला लागून असलेल्या वरेली गावात गावी सोडा म्हणणारे मजूर आणि पोलीस यांच्यात झटापट झाली, दगड आणि अश्रुधूर दोन्ही चालले. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर मजुरांच्या गाड्या रद्द करायची विनंती रेल्वेला केली आणि टीका झाल्यावर ती मागे घेतली. १९ मे रोजी केंद्राने पोहोचणाऱ्या राज्याच्या संमतीची अट काढून टाकली. एका देशातली राज्यं, एकच रेल्वे, एकच नागरिकत्व. तरी अठरा दिवस माणसांच्या वाटेत परराष्ट्रनीतीसारखी परवानगी उभी होती.

सगळाच अनुभव असा कडू नाही. तापीच्याच खोऱ्यात, धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर आणि नाशिककडच्या मोसम नदीवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली. कुठल्या फडात या वर्षी ऊस, कुठे भात, कुठे हंगामी पीक आणि कुठला फड पडीक, हे लाभधारक मिळून ठरवत. एका शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड सोडावा लागला, तर तोटा एकट्यादुकट्याच्या गळ्यात न पडता सगळ्यांत विभागला जाई. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली आणि त्यांनाच जबाबदार. सरकार नाही, बाजारही नाही, तरी पाणी वाटलं जात होतं. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक मालमत्ता शेवटी ओरबाडलीच जाते असा सिद्धांत मांडून नाव कमावलं, तेव्हा साक्री तालुक्यात कुणी त्यांना बोलावलं असतं तर बरं झालं असतं. असल्याच व्यवस्थांचा जगभर अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०मध्ये उलट बाजू मांडली आणि २००९मध्ये त्या अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

फडातून उठून जाणं कुणालाच शक्य नव्हतं, हे खरं. पण तोटा सोसायची पाळी कुणावर येईल हे आधी ठाऊक नव्हतं, आणि नियम करणारा आणि नियमाचा फटका खाणारा एकच होता. विहिरी, मोटरी आणि मोठी धरणं आली तसा ज्याचा त्याने आपला मार्ग धरला आणि बरेच फड मोडले.

मोठ्या नद्यांवर हे साधत नाही. उकाईचं पाणी जिथवर पसरणार होतं ती गावं दोन राज्यांत राहू नयेत, म्हणून १९६०च्या विभाजनात पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. नवापूरचं रेल्वे स्थानक मात्र जागचं हललं नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या फलाटावरून राज्यांची सीमा जाते, तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशन मास्तर गुजरातेत बसतो. सीमेवर ठेवलेल्या बाकड्यावर दोन्ही राज्यांत एकेक पाय टाकून बसता येतं. एकीकडे दारूबंदी, दुसरीकडे नाही. सहकार म्हणजे काय हे त्या गावच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नसेल.

नर्मदेच्या वाटपात दोन राज्यांमधला सौदा सगळ्यांत उघडा दिसतो. १९६९मध्ये नेमलेल्या लवादाने डिसेंबर १९७९मध्ये अंतिम निवाडा दिला. वापरता येण्याजोगं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं; मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. राजस्थानातून नर्मदा वाहतही नाही, तरी त्याला महाराष्ट्राच्या दुप्पट. महाराष्ट्राला त्याऐवजी सरदार सरोवराच्या विजेत २७ टक्के मिळाले. राज्य म्हणून पाहिलं तर हा सौदा वाईट नव्हता. नदी काठाकाठानेच जात होती, पाणी उचलणं अवघड होतं, वीज मात्र तारेने मुंबईपर्यंत येणार होती. पण वीज आली मुंबईला आणि पाणी चढलं अक्राणी-अक्कलकुव्याच्या ३३ गावांत. मणिबेली १९९३मध्ये बुडायला लागली. चारही राज्यं लवादापुढे वकील घेऊन उभी राहिली. भिल्ल आणि पावरा कुटुंबांना आपलं म्हणणं मांडायला आंदोलन उभारावं लागलं. निवाड्यात ४५ वर्षांनंतर फेरविचाराची सोय आहे आणि ती मुदत डिसेंबर २०२४मध्ये पुरी झाली. आता कुणी बैठक बोलावलीच, तर तिथे कोण बसेल हा प्रश्न पुन्हा उभा राहील. पार-तापी-नर्मदा जोड प्रकल्पाच्या वेळी डांग आणि तापी जिल्ह्यांतल्या आदिवासींनी बोलावण्याची वाट पाहिली नाही. २०२२च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात प्रकल्पाची घोषणा झाली. मोर्चे इतके निघाले की मे महिन्यात, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, गुजरात सरकारने तो सोडल्याचं जाहीर केलं.

राज्यांच्या वर न्यायालय आहे, संसद आहे. राष्ट्रांच्या वर काय आहे? १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने सिंधू पाणीवाटप करारावर सह्या केल्या. १९६५, १९७१ आणि कारगिल, तिन्ही वेळी तो टिकला. कारण प्रेम नव्हतं. नद्याच वाटून घेतल्यामुळे रोज एकमेकांवर अवलंबून राहायची वेळ कमी येत होती, आणि मोडण्यापेक्षा पाळणं दोघांनाही स्वस्त होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवला. वरच्या अंगाला बसलेल्याने बैठकीतून उठणं आणि खालच्याने उठणं यांत फरक असतो, हे तापीकाठच्या सुरतेला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सुटलेल्या सुमारे ९ लाख क्युसेकच्या लोंढ्याने तिचा मोठा भाग पाण्यात घातला होता. योगायोग असा की भारताचे जलशक्ती मंत्री सी. आर. पाटील हे जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, सुरतेत वाढलेले आणि नवसारीचे खासदार.

उसाकडे परत येऊ, कारण उसाचाही खटला जगाच्या दरबारात आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत उसाला ठरवून देत असलेला किमान दर उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेरचं अनुदान आहे. भारताचं म्हणणं, पैसे कारखाने देतात, सरकार नाही. डिसेंबर २०२१मध्ये निवाडा मंडळाने भारताच्या विरोधात निकाल दिला आणि भारताने अपील केलं. हे अपील ऐकायला कोणी नाही. अपिलासाठी किमान तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्याने डिसेंबर २०१९मध्ये अपील मंडळ बंद पडलं, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये शेवटच्या सदस्याची मुदतही संपली. ज्या देशाने ही व्यवस्था उभारायला सर्वांत जास्त जोर लावला, त्याने खुर्च्या रिकाम्या ठेवल्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांचा आडोसा भारतालाही सोयीचा पडला. निकाल लागला, पण लागू झाला नाही.

अपील जिनिव्हात पडून आहे. दिवाळीच्या सुमाराला चलथाणच्या गाळपाची तयारी सुरू होते आणि नंदुरबारकडून येणारे ट्रक, टेम्पो ५३ क्रमांकाच्या रस्त्याने कडोदऱ्याकडे उतरू लागतात. पाठीमागे भांडी, सरपणाच्या काटक्या, दोन-तीन शेळ्या आणि शाळा सुटलेली पोरं. उचलीचा आकडा मुकादमाच्या वहीत पावसाळ्यातच पडलेला असतो. उसाचा अंतिम भाव जाहीर व्हायला मात्र हंगाम संपावा लागतो.